मनगट दुखते? आधी सायकलचे हँडल पाहा!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पैठण तालुक्यात एका शेतकरी मित्राच्या वस्तीवर कापूस पाहायला गेलो होतो. बोंडअळीचे कामगंध सापळे तपासून झाले आणि आम्ही ओसरीवर चहाला बसलो. तेवढ्यात त्यांची नववीतली मुलगी शाळेतून आली. सायकल जवळ होती, पण ती सायकलवर बसलेली नव्हती. सायकल हाताने ढकलत, पायी आली होती.

"काय गं, पंक्चर झाली का?" मी विचारले.

"नाही काका. हात दुखतात."

जवळ बोलावून पाहिले. दोन्ही मनगटे ठणकत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येत होत्या. वर्गात लिहिताना हात लवकर थकतो, पेन सुटतो, असे ती म्हणाली. वडील वैतागून म्हणाले, "साहेब, मामाने हौसेने सायकल घेऊन दिली, तर हिचे हे असे. शाळा चार किलोमीटर. रोज पायी जाणे-येणे काही जमायचे नाही. दिवाळीनंतर घरीच राहू दे म्हणतो."

वाचकहो, मनगटाच्या दुखण्याने एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती, आणि दुखण्याचे मूळ मनगटात नव्हतेच. ते ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवलेल्या सायकलीत होते. अर्ध्या तासात एका पान्याने ते दूर झाले. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

बैलाचे जू आणि माणसाचे हँडल

बैलाच्या खांद्यावर जू नीट बसले नाही तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. खांदेसूज येते, बैल कामातून जातो. म्हणून आपण जू गुळगुळीत करतो, बैलांची उंची पाहून जोडी लावतो. तिफणीचे रुमणे धरणाऱ्याला कमरेत वाकावे लागू नये म्हणून सुताराला सांगून नीट करून घेतो. खुरप्याची मूठ हाताला रुतली तर तिच्यावर चिंधी गुंडाळतो. पण सायकल मात्र दुकानातून जशी आली तशी वर्षानुवर्षे चालवतो! हँडल वर घेता येते, सीट पुढे-मागे सरकते, ब्रेकचा खटका फिरवता येतो, हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही.

माझेही तसेच झाले होते. परभणीहून बी.एस्सी. (कृषी) होऊन मी १९९२ साली नोकरीला लागलो. खुलताबादच्या बाजूची गावे माझ्याकडे होती. तरुण वय, त्यामुळे ऐटीत खाली वळलेल्या हँडलची एक जुनी रेसिंग सायकल घेतली. दौलताबादचा घाट उतरून घरी येईपर्यंत दोन्ही हात बधिर होत. रात्री दैनंदिनी लिहायला बसलो की अक्षर वाकडे येई. शेवटी शहरातल्या एका वयस्क सायकल मिस्त्रींना दाखवले. त्यांनी मला सायकलवर बसवले, एकदा बाजूने पाहिले आणि आपल्या शहराच्या खास बोलीत म्हणाले, "साब, बैठना सीट पे, हात पे नक्को!"

साऱ्या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे. सायकलवर आपले वजन तीन ठिकाणी पडते : सीट, पायडल आणि हँडल. यांपैकी पहिल्या दोघांनी भार घ्यायचा. हात आहेत ते दिशा देण्यासाठी आणि ब्रेक दाबण्यासाठी. हातांवर भार आला की मनगट मागे मुडपते, तळव्यातल्या नसा मूठ आणि हाड यांच्यामध्ये दाबल्या जातात आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा त्याच जागी बसतो.

कोणते बोट बधिर होते?

हाताला दोन मुख्य नसा मनगटातून जातात. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर तळव्याच्या करंगळीकडच्या गादीखालची नस दाबली जाते आहे. सायकलस्वारांत ही तक्रार नेहमीची आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची आतली बाजू बधिर होत असेल, विशेषतः रात्री झोपेतून जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटाच्या मधल्या अरुंद बोगद्यातली नस दाबली जात आहे. डॉक्टर याला 'कार्पल टनेल'चा त्रास म्हणतात.

या दुसऱ्या त्रासाचा दोष एकट्या सायकलीवर टाकू नका. हाताने धारा काढणे, दिवसभर खुरपणी, कापूस वेचणी, पाठीवरच्या पंपाचा दांडा सारखा हलवणे यांनीही मनगट शिणते. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपण यांतही तो होतो. म्हणून घरातल्या बाईने "हात बधिर होतात" असे म्हटले तर "काम नको म्हणून सांगते" असे म्हणून उडवून लावू नका.

पहिले काम सीटचे

दुखते मनगट, मग सीट कशाला पाहायची? तर पुष्कळदा दोष तिथेच असतो. त्या मुलीच्या सायकलीची सीट पुढच्या टोकाला खाली झुकली होती. उतारावर ठेवलेले धान्याचे पोते जसे घसरते, तसे तिचे शरीर पुढे घसरत होते आणि ते थोपवायला बिचारी हात ताठ करून रेटत होती.

सीट समतल हवी. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम. नाहीतर सीटवर एक सपाट फळी ठेवा, तिच्यावर पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली आडवी ठेवा आणि आतला हवेचा बुडबुडा मध्यावर येतो का ते पाहा. उंची पाहण्यासाठी कोणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा आणि पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच बरोबर. नव्याने शिकणाऱ्या मुलांची सीट थोडी खाली चालेल, पण हात बसला की ती वर घ्या.

सीट पुढे-मागेही सरकते. हँडल धरताना कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे. हात ताणून, खांदे पुढे ओढून हँडल गाठावे लागत असेल, तर सीट थोडी पुढे घ्या.

मग हँडलची उंची

मनगट दुखणाऱ्याचे हँडल निदान सीटच्या पातळीत असावे, आणि एक-दोन इंच वर असेल तर अधिक बरे. सीट वर घेतली की हँडलही वर घ्यावे लागते, हे विसरू नका.

साध्या सायकलीत हँडलची उभी दांडी पुढच्या नळीत शिरलेली असते आणि तिच्या डोक्यावर एक बोल्ट असतो. तो दोन-तीन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. मग बोल्टवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोका. आतली पाचर सुटते आणि दांडी वर सरकते. दांडीवर मर्यादेची खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसेल इतके वर ओढू नका. खूण दिसत नसेल तर दांडी निदान अडीच इंच आत राहिलीच पाहिजे. नाहीतर चालत्या सायकलीचे हँडल हातात येईल! शेवटी बोल्ट घट्ट आवळा, पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल जोर लावून फिरवून पाहा. ते जागचे हलता कामा नये.

सळईच्या ब्रेकची जुनी काळी सायकल असेल तर एक काळजी जास्त घ्या. हँडलबरोबर ब्रेकची सळईही वर ओढली जाते आणि ब्रेक चाकाला घासू लागतो. सळईचा जोड सैल करून पुन्हा बेताने लावावा लागतो. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

काही नव्या सायकलींत डोक्यावरच्या बोल्टने दांडी वर सरकत नाही. हँडल धरणारा आडवा तुकडा बाहेरून स्क्रूंनी आवळलेला असतो. तिथे वरच्या बाजूला कललेला तुकडा किंवा मधून उंच उठलेले हँडल बसवून घ्यावे.

हँडल वळलेले की सरळ?

आपल्या आजोबा-वडिलांची काळी सायकल आठवा. १९५१ साली सोनीपतला ॲटलास आणि १९५६ साली लुधियानाला हिरो सायकलचे कारखाने निघाले आणि तशा सायकली गावोगाव पोचल्या. तिचे हँडल दोन्ही टोकांना मागे, बसणाऱ्याकडे वळलेले असते. त्यामुळे पाठ ताठ राहते आणि मनगट जवळजवळ सरळ. हॉलंडमध्ये आजही लहानथोर लोक अशाच हँडलच्या सायकलीवर रोजची कामे करतात.

सरळ हँडल आले ते डोंगरी सायकलीबरोबर. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरून वेगाने उतरण्यासाठी १९७० च्या दशकात त्या सायकली तयार झाल्या. खडकाळ उतारावर तोल सांभाळायला सरळ, रुंद हँडल उपयोगी पडते. पण शाळेच्या सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास तेच धरले, तर काही जणांचे मनगट बाहेरच्या बाजूला मुरडलेले राहते. मुलांना ते ऐटबाज दिसते, हे खरे. मीही एके काळी ऐटीलाच भुललो होतो!

आपल्याला कोणते वळण सोसेल हे घरीच पाहता येते. दोन वीतभर लांब काड्या घ्या. कोणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसा. दोन्ही मुठींत एकेक काडी धरा, डोळे मिटा आणि हात सैल सोडून हँडल धरल्यासारखे पुढे करा. आता डोळे उघडा. काड्या एका सरळ रेषेत दिसणार नाहीत. त्यांची बाहेरची टोके थोडी मागे आणि थोडी खाली कललेली दिसतील. तोच तुमच्या मनगटाचा नैसर्गिक कल. हँडलची टोके त्या कलाच्या जितकी जवळ, तितके मनगट सुखी.

हँडलची रुंदी साधारण खांद्यांइतकी असावी. लहान चणीच्या मुलीला फार रुंद हँडल दिले की हात फाकतात आणि भार तळव्याच्या कडेवर येतो. हँडल बदलायचे ठरले तर जुने हँडल दुकानात बरोबर न्या, कारण मधली जाडी जुळावी लागते. मागे वळलेले हँडल बसवल्यावर ते पूर्ण फिरवून पाहा. वळताना ते गुडघ्याला लागता कामा नये आणि ब्रेकच्या तारा ताणल्या जाता कामा नयेत.

ब्रेकचा खटका

त्या मुलीच्या सायकलीत दुसरा दोष हा होता. ब्रेकचे खटके आडवे, जवळजवळ वर तोंड करून लावलेले होते. बोटे त्यावर ठेवायची तर मनगट मागे मोडावे लागे. सीटवर नेहमीसारखे बसा, बोटे सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा झाली पाहिजे आणि खटका त्याच रेषेत, म्हणजे थोडा खाली झुकलेला हवा. एक स्क्रू सैल केला की खटका फिरतो. पुष्कळ खटक्यांना आत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की खटका मुठीच्या जवळ येतो. लहान हातांना याचा मोठा आराम वाटतो. मात्र नंतर ब्रेक पूर्ण लागतो ना, हे आधी अंगणात तपासा.

मुठी कशा निवडाव्यात?

मुठीचा क्रम शेवटी ठेवला आहे, तो मुद्दाम. सीट आणि हँडल चुकीचे असताना कितीही महाग मूठ घेतली तरी दुखणे जात नाही.

मूठ धरल्यावर अंगठ्याचे आणि मधल्या बोटाचे टोक एकमेकांना टेकावे. फार बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, फार जाड मूठ पंज्यात मावत नाही. कडक प्लॅस्टिकची मूठ हादरा थेट हाडाला देते. उलट, फार मऊ स्पंजची मूठ पहिल्या दिवशी गादीसारखी वाटते, पण दाबली गेली की आतली लोखंडी नळी तळव्याला भिडते. मधल्या नरमाईची, खाचा असलेली रबरी मूठ रोजच्या वापराला चांगली.

अलीकडे तळव्याच्या बाजूला पंखासारखी रुंद झालेली मूठ मिळते. भार रुंद जागेवर पसरतो, म्हणून करंगळी बधिर होणाऱ्यांना ती मानवते. पण ती लावताना पंख हातासमोर नेमक्या कोनात यावा लागतो. कोन चुकला तर मनगट मागे मुडपते किंवा पुढे झुकते. कोन जमला की स्क्रू आवळून टाका.

खर्च करायचा नसेल तर जुन्या मुठीवर सायकलीच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट, एकसारखी गुंडाळा आणि टोक नीट बांधा. एक-दोन थरांपेक्षा जास्त नको.

नवी मूठ चढत नसेल तर साबणाचे पाणी लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत सायकल वापरू नका. तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. उतारावर मूठ हातात निघून आली तर अनर्थ होईल.

आणखी एक. मुठीचे टोक फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर ती मूठ आजच बदला. पडल्यावर ती नळी मुलाच्या पोटात घुसून प्लीहेला, यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. बाहेर जखम छोटी दिसते, आत रक्तस्राव होतो. हँडल पोटाला लागून मूल पडले आणि पोट दुखत राहिले तर घरी थांबू नका.

चालवण्याची रीत

दप्तर पाठीवर नको, कॅरियरवर बांधा. पाठीवरचे ओझे खांद्यांतून मनगटावर उतरते. दुधाची किटली हँडलला लटकवू नका. दोन किटल्या मागे दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने अडकवा. टायरमध्ये हवा त्याच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेतच भरा. दगडासारखे टणक चाक प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली खटखट वाजले तर तिथल्या गोट्या ढिल्या आहेत, त्या आवळून घ्या.

हँडल असे धरा, जणू मुठीत पाखराचे पिल्लू आहे : सुटू नये आणि चेंगरूही नये. कोपर ताठ ठेवू नका. पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा थोडी बदला. खड्डा आला की सीटवरून किंचित उठून पायांवर भार घ्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सायकल नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत बधिरपणा गेला नाही, हातातून वस्तू गळू लागल्या, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट दिसू लागला, तर वेळ घालवू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा शहरात घाटी रुग्णालयात दाखवा. नस फार दिवस दाबून राहिली तर गेलेली शक्ती पूर्ण परत येत नाही. आणि पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर चोळू नका. तिथले बारीक हाड मोडलेले पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. दुखणे राहिले तर पुन्हा तपासून घ्या.

निवड आपल्या हाती

मानव विकास आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आहे. २०२२ साली ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात आणि सायकल पालकांनी घ्यायची असते. म्हणजे निवड आपली! तेव्हा दुकानात एकटे जाऊ नका, मुलीला बरोबर न्या. तिला सीटवर बसवा, काड्यांची परीक्षा तिथेच करा, आणि हँडल व खटके तिच्या हाताप्रमाणे करून मगच सायकल घरी आणा.

त्या दिवशी ओसरीवर आम्ही एवढेच केले : सीट समतल केली, हँडल दोन इंच वर घेतले, खटके खाली फिरवले, मुठींवर ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि दप्तर कॅरियरवर बांधायला सांगितले. आठ दिवस तिला सायकलीची सुटी दिली. वडिलांनी तेवढे दिवस मोटारसायकलवर सोडले. महिनाभराने पुन्हा कापूस पाहायला गेलो. पऱ्हाटीला बोंडे धरली होती. वस्तीच्या वाटेवर मागून घंटी वाजली. मी बाजूला झालो, तर ती मुलगी सायकलवरून पुढे गेली आणि जाता जाता म्हणाली, "काका, आता नाही दुखत!"

यंदा ती दहावीत आहे.

बंधूंनो, आज संध्याकाळी गोठ्यातले काम आटोपले की पाना घेऊन घरच्या सायकलीजवळ बसा. पोराबाळांना, घरच्या लक्ष्मीला एकदा विचारा, "हात दुखतात का?" बैलाच्या खांद्याची जेवढी काळजी घेता, तेवढी त्यांच्या मनगटाचीही घ्या.